पोर्टफोलिओ मुलाचा की कार्यालयाचा?

आमच्या शाळेच्या कपाटात वर्णनात्मक नोंदींच्या वह्यांचा एक गठ्ठा आहे. शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासूनचा. मुलाला नुसते गुण देऊन मोकळे होऊ नका, ते कसं शिकतंय ते शब्दांत लिहा, असं त्यामागचं म्हणणं होतं. ते मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. पण परवा त्या गठ्ठ्यातली एक जुनी वही उघडली. एका मुलाच्या नावापुढे लिहिलंय, ‘कवितागायनात रस घेतो.’ त्याच्या खालच्या मुलापुढे, ‘कवितागायनात रस घेतो.’ पुढच्या पानावर एका मुलीच्या नावापुढेही ‘रस घेतो’च. बाजारात मिळणाऱ्या तयार नोंदींच्या पुस्तकातून उतरवताना क्रियापद बदलायचंसुद्धा राहून गेलं होतं. अक्षर माझं होतं.

हे आधी सांगते, कारण तीच चूक आपण आता दुसऱ्यांदा आणि फार मोठ्या प्रमाणावर करू, अशी मला भीती वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतीपत्रकाची कल्पना मांडली. मुलाने स्वतःचं मूल्यमापन करावं, सोबत्यांनी एकमेकांचं करावं, प्रकल्प, गटकार्य, पोर्टफोलिओ म्हणजे मुलाच्या कामाचा संग्रह, हे सगळं त्यात यावं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. त्यामागोमाग प्रशिक्षणं सुरू झाली, लिंका येऊ लागल्या. एकाच वेळी चौघांनी लिहिता येईल असा ऑनलाइन कागद, सगळ्यांनी चिठ्ठ्या डकवायचा पॅडलेटसारखा फळा, प्रत्येक मुलाचं डिजिटल दप्तर. मी या साधनांच्या बाजूची आहे. गेली काही वर्षं ती वापरते आहे. आणि वापरते म्हणूनच सांगते, हे दप्तर मुलाचं असेल तरच ते वर्गात आणा. कार्यालयाला पुरावा म्हणून हवं असेल, तर ते न आलेलं बरं.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. सातवीला शिकवते. इथे दसरा झाला की वर्ग विरळ व्हायला लागतो. ऊसतोडीसाठी आईबापांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, टोळी ठरलेली असते. दिवाळीच्या आगेमागे ट्रक येतो आणि भांडीकुंडी, शेळी, धाकटं भावंड यांच्यासोबत माझी पोरंही त्यात बसून कारखान्याच्या वाटेला लागतात. परत येतात पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात. शासनाने यासाठी काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. हंगामी वसतिगृहं आहेत, स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. पण हमी पत्रकावर मूल कितवीत आहे ते कळतं, त्याने काय लिहिलं, कुठे अडलं, कशाचं चित्र काढलं हे त्या कागदावर मावत नाही. नवीन शाळेतल्या शिक्षकासमोर ते पोर दर वर्षी कोऱ्या पाटीनेच उभं राहतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचं सांगते. ऑगस्टमध्ये मी सगळ्यांना एक विषय दिला होता : घरातलं एक काम असं लिहा, की वाचून दुसऱ्याला ते करता यावं. तिने चार ओळी लिहिल्या. ‘माझे आईवडील ऊस तोडतात. मग मोळी बांधतात. मोळी डोक्यावर घेतात. ट्रक भरतात.’ मी त्या कागदाचा फोटो काढून तिच्या नावाच्या फोल्डरात ठेवला. दिवाळीत ती गेली.

वर्गातल्या चौघांनी तिच्या त्या चार ओळी शाळेच्या टॅबवर सामायिक कागदात घेतल्या आणि बाजूला प्रश्न लिहायला सुरुवात केली. मोळीत किती ऊस बसतात? दोरी कुठून आणता? लिंक तिच्या वडिलांच्या फोनवर पाठवली. कारखान्याच्या गाडीतळाजवळ एका टपरीवर फोन चार्ज व्हायचा, रात्री आठनंतर तो तिच्या हाती यायचा. दोन दिवसांनी दोरीच्या प्रश्नाखाली उत्तर आलं : ‘दोरी नसती. वाढ्याला पीळ देऊन बांधतेत. कवळं वाढं तुटतं म्हणून जुनं घ्यायचं.’ वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला. ही तीन वाक्यं कुठल्याही निबंधमालेत सापडणार नाहीत. तिच्या घरात ती सगळ्यांना माहीत होती, पण लिहिण्यासारखी आहेत असं तिला वाटलं नव्हतं. वर्गातल्या एका पोराने विचारलं म्हणून ती कागदावर आली. त्या पोराचे वडील गावात दुकान चालवतात, त्याने मोळी कधी बांधलेली नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं, म्हणून त्याने विचारलं. मी विचारलं असतं तर तिने मॅडमला हवं ते उत्तर दिलं असतं.

चौथ्या खर्ड्यापर्यंत एक पान भरलं. मधे एकदा वडिलांनी ते तिच्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाले, ‘फळीवरून ट्रकात चढताना पाय आडवा टाकायचा असतो, ते राहिलं की.’ तेही आलं. ज्या माणसाने मुलीच्या वहीत कधी डोकावून पाहिलं नव्हतं, त्याने तिच्या लेखनात दुरुस्ती सुचवली होती. त्या दिवशी मला या साधनांचं मोल कळलं. त्यात चमकदार म्हणावं असं काही नव्हतं. एक साधा कागद दोन ठिकाणी एकाच वेळी उघडता येत होता, आणि आधीचं लिहिलेलं पुसलं जात नव्हतं, एवढंच. तिची कागदी वही मात्र कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, भिजून गेली होती.

एकत्र लिहिणं ही काही यंत्राची देणगी नाही. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाची वस्ती आहे. तिथे लोरेंझो मिलानी या धर्मगुरूच्या शाळेतल्या आठ मुलांनी मिळून १९६७ मध्ये एका शिक्षिकेला उद्देशून पत्राच्या रूपात पुस्तक लिहिलं. सरकारी शाळेने नापास करून बाहेर काढलेली शेतकऱ्यांची मुलं होती ती. त्यांची रीत अशी : सुचेल ते चिठ्ठीवर लिहायचं, एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. मग सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या, दुबार आलेल्या काढून टाकायच्या, उरलेल्यांचे ढीग करायचे, ढिगांची प्रकरणं करायची. मग वाचत, खोडत, वाक्य हलकं करत जायचं. शेवटी बाहेरच्या माणसांना वाचायला द्यायचं, आणि तीही शक्यतो फार न शिकलेली, म्हणजे कुठे कळत नाही ते कळेल. आज ऑनलाइन फळ्यावर मुलं चिठ्ठ्या डकवतात तेव्हा मला ते टेबल आठवतं. फरक असा, की त्या मुलांनी वर्षभर खपून लिहिलं, आणि आपण पंचेचाळीस मिनिटांच्या तासिकेत पंधरा चिठ्ठ्या डकवून, स्क्रीनचा फोटो काढून ‘उपक्रम पूर्ण’ असं लिहितो. साधन तेच राहिलं तरी काम तेच राहत नाही.

आपल्याकडे हस्तलिखित होतं. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ते आठवत असेल : रंगीत कागद, कडेला वेलबुट्टी, आणि वर्गातल्या सगळ्यांचे लेख एकाच सुंदर अक्षराच्या मुलीने उतरवलेले. ते मला प्रिय आहे, आजही आम्ही काढतो. पण त्यात खाडाखोड चालत नसे. ज्याचं अक्षर वाईट, त्याचा मजकूर दुसऱ्याच्या हातून यायचा, आणि ज्याला नीट लिहिता येत नव्हतं त्याचं काही येतच नसे. पोर्टफोलिओ म्हणजे हस्तलिखिताची डिजिटल आवृत्ती, असं आपण समजलो तर त्याचा जीवच जाईल. शिकणं खाडाखोडीत असतं. ‘दोरी नसती’ या उत्तरापासून पूर्ण परिच्छेदापर्यंतची वाट दिसली, तर मुलाला स्वतःच्या वाढीचा पुरावा मिळतो. नुसतं सजवलेलं शेवटचं पान ठेवलं, तर ते पान कुणाचंही असू शकतं. आणि आता तर यंत्राला सांगितलं की निबंध लिहून मिळतो. तयार निबंधाला यापुढे काय किंमत राहील ते माहीत नाही, पण चार खर्डे, त्यांच्या मधले प्रश्न आणि वडिलांनी सांगितलेला आडवा पाय हे कुणी तयार आणून देऊ शकणार नाही.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगायला हवी. अशा सामायिक कागदात कुणी कोणतं वाक्य कधी लिहिलं याचा इतिहास राहतो. एका गटाचं काम तपासताना मी तो इतिहास उघडला. जवळजवळ सगळं एकाच मुलाने लिहिलेलं, एका मुलीच्या नावावर जेमतेम दोन ओळी. मी भर वर्गात प्रोजेक्टरवर ते दाखवलं. गटात काम करायचं म्हणजे एकाने राबायचं असं नाही, वगैरे बोलले. मुलगी मान खाली घालून बसली. तास संपल्यावर तो मुलगाच जवळ आला. म्हणाला, ‘मॅडम, सगळं ती सांगत होती. मला टाइप करता येतं म्हणून मी करत होतो.’

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर तिची माफी मागितली. पण तेव्हापासून ‘पारदर्शकता’ हा शब्द प्रशिक्षणात ऐकला की मी सावध होते. यंत्राला कळ दाबणारं बोट दिसतं, सुचवणारं तोंड दिसत नाही. मराठी टाइप करणं आमच्या मुलांना सोपं नाही, जोडाक्षर आलं की हात थांबतो. घरी मोबाइल हाताळायला मिळालेल्या मुलाचा वेग जास्त, म्हणून त्याच्या नावावर काम जास्त. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांची आकडेवारी आहे. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण फोन वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ३६ टक्के आहेत, तर मुली सुमारे २७ टक्के. म्हणजे आपण नुसता कळा मोजणारा हिशोब धरला, तर ही दरी आपण गुणपत्रिकेत उतरवणार. बोलून लिहायची सोय आहे, ती मी देते. पण ती आमच्या मुलांची बोली ओळखत नाही, ‘वाढं’ म्हटलं की ‘वाढ’ लिहिते. मग मूल हळूहळू यंत्राला कळेल असं बोलायला लागतं. हे मला फार लागतं. म्हणून पहिला खर्डा बोलीतच राहू द्यायचा, लाल रेघेकडे बघायचं नाही, असा नियम मी केला आहे.

‘आधी शाळेत नेट तरी येऊ द्या,’ असं माझे सहकारी म्हणतात, आणि ते खोटं नाही. यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याच्या २०२३-२४ च्या आकड्यांनुसार देशातल्या निम्म्याहून थोड्याच जास्त शाळांमध्ये इंटरनेट होतं. आमच्याकडे आहे, पण वीज गेली की नाही. माझं उत्तर इतकंच आहे, की पोर्टफोलिओ आधी कागदावरच करा. जुना खाकी लखोटा, मुलाचं नाव, आत त्याचे खर्डे. ते जमलं, मुलाला आपलं जुनं काम उघडून बघावंसं वाटलं, की मग फोटो काढून वर चढवायला किती वेळ लागतो? ज्या शाळेत लखोटा चालत नाही, तिथे ॲपही चालणार नाही.

पण खरा धोका नेट नसण्याचा नाही. गेल्या दहा वर्षांत वर्गातली प्रत्येक गोष्ट वर पाठवायची माहिती झाली आहे. विद्यार्थ्यांची माहिती भरायचं सरल पोर्टल, पोषण आहाराची रोजची नोंद, ऑनलाइन हजेरी, प्रशिक्षणाला बसल्याचा फोटो, झाड लावल्याचा फोटो. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर मुलांच्या हजेरीसाठी शिक्षकांनी त्यांच्यासोबत सेल्फी काढावेत असा आदेश निघाला होता. विरोध झाला म्हणून तो बाजूला पडला. या सवयीत पोर्टफोलिओ आला की काय होईल, ते सांगायला ज्योतिषी नको. ‘प्रति विद्यार्थी किमान दहा कलाकृती ३१ तारखेपर्यंत अपलोड कराव्यात’ असा संदेश गटावर येईल. केंद्रनिहाय टक्केवारी येईल. मागे राहिलेल्या शाळांची नावं लाल रंगात येतील. आणि मग आम्ही शिक्षक तेच करू, जे मी त्या वहीत केलं होतं. एकच चित्र पंधरा नावांनी चढेल. हे मी शिक्षकांना नावं ठेवायला म्हणत नाही. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणारा माणूस मुदत पाळेल की मूल पाहील?

दुसरी गोष्ट मुलांच्या खाजगीपणाची, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे बोललंच जात नाही. वर्गातल्या मुलांचे व्हिडिओ आपण सहज टाकतो. मूल अडखळत वाचतंय, मूल रडतंय, अनवाणी आहे, आणि खाली ‘आमचे गुणी विद्यार्थी’. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची संमती मागतो. गुगलवर तेरा वर्षांखालच्या मुलाला स्वतःहून खातंही काढता येत नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांतल्या, कोरोनाकाळात वापरल्या गेलेल्या ऑनलाइन शिक्षणाच्या साधनांची तपासणी करून दाखवलं, की त्यातली बहुतेक साधनं मुलांवर नजर ठेवू शकत होती किंवा ठेवत होती, आणि त्यांत सरकारांनी स्वतः पुरवलेली साधनंही होती. तेव्हा फुकट मिळतंय म्हणून कुठल्याही ॲपवर चाळीस मुलांची नावं, फोटो आणि लेखन चढवणं ही छोटी गोष्ट नाही. तो मजकूर मूल मोठं झाल्यावरही कुठेतरी राहणार आहे. सातवीत लिहिलेलं ‘बाबा दारू पितात तेव्हा’ हे पान वीस वर्षांनी कुणी वाचावं, हे ठरवायचा अधिकार त्या मुलाचा आहे. माझा नाही, शाळेचा नाही आणि कंपनीचा तर नाहीच.

म्हणून ज्यांच्या हातात हे धोरण आहे त्यांच्याकडे माझी मागणी साधी आहे. पोर्टफोलिओत काय ठेवायचं ते मूल निवडेल, आणि काढून टाकायचाही हक्क त्याला असेल. त्याला गुण नसतील, त्याची टक्केवारी कुठल्याही बैठकीत वाचली जाणार नाही. अधिकाऱ्याला बघायचं असेल तर त्याने वर्गात यावं, मुलाशेजारी बसावं आणि मुलाने उघडून दाखवलं तर बघावं. मूल शाळा सोडेल किंवा सहा महिन्यांसाठी कारखान्यावर जाईल, तेव्हा त्याचं सगळं काम त्याच्यासोबत जाईल, फोनवर किंवा छापून. तिथल्या शिक्षकाला ते पहिल्याच दिवशी दिसेल. आणि हे करायला शिक्षकाला आठवड्यातला एक तास मोकळा मिळेल, दुसऱ्या कुठल्या तरी नोंदीचं काम कमी करून. हा एक तास कुणी द्यायला तयार नसेल, तर बाकीच्या सगळ्या घोषणा मला नकोत.

एप्रिलमध्ये ती मुलगी परत आली. वर्षाचं काम निवडायला आम्ही दोघी टॅब घेऊन व्हरांड्यात बसलो. चौथा खर्डा ठेवू या, असं मी म्हटलं. तिने तो ठेवला आणि ऑगस्टमधल्या चार ओळींचा फोटोही ठेवला. ‘यात काहीच नाही गं,’ मी म्हणाले. ‘ऱ्हाऊ द्या, मॅडम. बापूला दावायचंय,’ ती म्हणाली. मग तिने बोटाने सरकवत एक फोटो दाखवला, कोपीसमोर ती आणि धाकटा भाऊ उभे असलेला. तिच्या वडिलांनी तो पाठवला होता आणि फोल्डरात मी घातला होता. शाळेला भेट होणार होती, दाखवायला बरा दिसेल असं मला वाटलं होतं. ‘हा काढा,’ ती म्हणाली. मी काढला. त्या जागी तिने टनाच्या हिशोबाचं पान लावलं. तोडीच्या पावत्यांवरून तिने स्वतः मांडलेला हिशोब. त्यात एका बेरजेत हातचा राहिलाय, तो तिच्या लक्षात आला आहे, आणि जूनमध्ये शाळा उघडली की दुरुस्त करते म्हणाली आहे.